मॅक्रोने फाइल डिलीट होत नाही (एरर ७०, ७५, ५३) आणि कधीकधी नको तीच उडते

दर महिन्याच्या १ तारखेला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एकच सीन असायचा. मी कामावरून सुटून रात्री नऊ-साडेनऊला मुलुंडला उतरणार, घरी न जाता थेट खालच्या ऑफिसात, खजिनदार काका आधीच खुर्ची टाकून बसलेले, एक्सेल उघडायचं, "नवीन महिना" बटण दाबायचं (त्यामागे मी लिहिलेला मॅक्रो आहे, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम) आणि समोर पिवळी लाइन, रन-टाइम एरर ७०, परमिशन डिनाइड. मग सगळं बंद करून कॉम्प्युटर रीस्टार्ट, पुन्हा बटण, आता चाललं. पुढच्या महिन्यात ७० नाही, ७५. त्याच्या पुढच्या महिन्यात काहीच एरर नाही पण फोल्डर जागच्या जागी. काका म्हणायचे "अरे तुझ्या मॅक्रोला मूड असतो काय", आणि खरं सांगतो, दीड वर्ष मलाही तसंच वाटत होतं.

बटण काय करतं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. ३ विंग, ८४ फ्लॅट, प्रत्येक फ्लॅटचं मेंटेनन्सचं बिल पीडीएफ होऊन एका फोल्डरमध्ये पडतं, फाइलचं नाव ए-१०१, बी-३०४ असं. नवीन महिना सुरू झाला की जुन्या पीडीएफ उडवायच्या, आतला "टेंप" फोल्डर उडवायचा आणि नवीन बिलं काढायची. एवढंच. यात तीनच कमांड आहेत, फाइलसाठी किल, रिकाम्या फोल्डरसाठी आरएमडिर, आणि भरलेला फोल्डर एका दमात उडवायचा तर फाइलसिस्टिमऑब्जेक्टचं (फाइली-फोल्डर हाताळायचं तयार साधन) डिलीटफोल्डर. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. फाइलींची नावंसुद्धा तशीच, ए-१०१ मधला ए आणि आकडे प्रत्यक्षात इंग्रजी आहेत, ते पुढे लागणार आहे.)

पहिली गोष्ट, एररचा नंबर वाचा. आपण मेसेज बॉक्स दिसला की घाबरून एंड दाबतो आणि रीस्टार्ट करतो, मीही तेच केलं, पण नंबर बऱ्यापैकी खरं सांगतो. ५३ म्हणजे त्या नावाची फाइल त्याला सापडलीच नाही. ७६ म्हणजे पाथच, म्हणजे फोल्डरचा पत्ताच, चुकलाय. ७० म्हणजे फाइल आहे पण दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलीय. ५५ आला तर ती तुमच्याच मॅक्रोने ओपन कमांडने उघडली आणि क्लोज करायचं राहिलं, तिथे रिसेट ही एक कमांड टाकली की ओपनने उघडलेल्या सगळ्या फाइली बंद होतात. ७५ हा मात्र बाराभानगडी नंबर आहे, फाइल रीड-ओन्ली असली तरी ७५, फोल्डर रिकामा नसला तरी ७५. आणि ५२ म्हणजे नावच गडबड आहे, हे हल्ली वनड्राइव्हमुळे फार होतं, वर्कबुक वनड्राइव्हमध्ये सिंक होत असेल तर धिसवर्कबुक डॉट पाथ तुम्हाला सी ड्राइव्हचा पत्ता देण्याऐवजी एचटीटीपीएसवाला वेब पत्ता देतो आणि किलला किंवा डिरला (फोल्डरमधल्या फाइलींची नावं वाचणारी कमांड) तो पत्ता समजत नाही. त्यावर मी फार डोकं लावलं नाही, बिलांचं फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर डी ड्राइव्हला नेलं, विषय संपला.

आता ७०. एक सांगतो, दहातले आठ वेळा फाइल धरून बसलेला माणूस आपणच असतो.

आमच्या केसमध्ये पीडीएफ बनवताना एक्स्पोर्टअ‍ॅजफिक्स्डफॉरमॅटच्या लाइनीत ओपनआफ्टरपब्लिश ट्रू ठेवलेलं होतं, कारण सुरुवातीला टेस्ट करताना मला पीडीएफ बघायची होती आणि नंतर ते काढायचं राहून गेलं. पुढे काही बिलांपुरतीच ती लाइन चालायची, त्या पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडायच्या, काका बघून मिनिमाइज करायचे आणि महिनाभर कॉम्प्युटर बंदच करायचे नाहीत, फक्त स्क्रीन बंद. महिन्याने मॅक्रो डिलीट करायला जातो तर रीडर फाइल धरून बसलेला. क्रोममध्ये उघडली असती तर बहुतेक वेळा अडलं नसतं, रीडर मात्र सोडत नाही. ट्रूचं फॉल्स केलं आणि निम्मे ७० तिथेच गेले.

उरलेल्यातला अर्धा प्रॉब्लेम प्रीव्ह्यू पेनचा. फाइल एक्स्प्लोररमध्ये उजवीकडे जो प्रीव्ह्यू दिसतो ना, फाइलवर नुसतं एकदा क्लिक केलं की तिथे पीडीएफ दिसते, म्हणजे ती उघडलेलीच असते. काकांना ते पेन फार आवडतं. बाहेरून बघितलं तर एकही फाइल उघडी नाही, टास्कबार रिकामा, आणि मॅक्रो बोंबलतोय परमिशन डिनाइड. ऑल्ट आणि पी दाबलं की पेन बंद होतं.

तिसरं, हे माझं स्वतःचं पाप. मॅक्रो मध्येच बंद पडला तर क्रिएटऑब्जेक्टने उघडलेलं दुसरं एक्सेल मागे लपून तसंच चालू राहतं, खिडकी दिसत नाही, टास्क मॅनेजर उघडलं तर तिथे एक्सेल दोनदा-तीनदा दिसतं. ते भूत फाइल धरून असतं. म्हणून रीस्टार्ट केलं की चालायचं, मूड वगैरे काही नव्हता. क्विट ही लाइन एरर आला तरी चालेल अशा जागी, म्हणजे एरर हँडलरच्या खाली, ठेवायची.

कोण धरून बसलंय ते बघायचं असेल तर अंदाज लावत बसू नका. विंडोजमध्येच रिसोर्स मॉनिटर असतं, त्यात सीपीयूच्या टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्स म्हणून सर्च आहे, तिथे फाइलच्या नावाचा तुकडा टाइप करा, धरणाऱ्या प्रोग्रामचं नाव येतं. पॉवरटॉइज (मायक्रोसॉफ्टचंच वेगळं टाकायचं टूल) टाकलेलं असेल तर त्यात फाइल लॉकस्मिथ आहे, राइट क्लिक करून बघता येतं, ते जास्त सोपं. पण फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये असेल तर तुमच्या मशीनवर काहीच दिसणार नाही, ज्या मशीनवर ते फोल्डर आहे तिथे कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, मग ओपन फाइल्स, तिथे कुठल्या युजरने उघडलीय ते कळतं. माझ्या नोकरीच्या ठिकाणी, फोर्टात, असंच एकदा तासभर शोधल्यावर कळलं की फाइल आमच्याच साहेबांनी उघडून ठेवलीय आणि ते गावाला गेलेत. आता साहेबांना कोण सांगणार, त्या दिवशी मॅक्रो चाललाच नाही.

आणि एक ७० असा असतो की एफ८ दाबत एकेक लाइन चालवली तर येत नाही, सरळ रन केलं तर येतो. हा वेळेचा खेळ. नुकतीच बनलेली फाइल अँटीव्हायरस तपासत असतो किंवा वनड्राइव्ह वर चढवत असतो, सेकंद-दोन सेकंद धरतो आणि सोडतो. यावर उपाय साधा, डिलीट फसलं तर अ‍ॅप्लिकेशन डॉट वेटने २ सेकंद थांबा आणि पुन्हा करा, असं तीनदा. तीनदाही नाही झालं तर मात्र थांबून नाव दाखवा, शंभर वेळा लूप फिरवत बसू नका.

आता ७५, यात जास्त वेळ गेला.

फाइलवर ७५ आला तर आधी प्रॉपर्टीज बघा, रीड-ओन्लीची टिक असेल. आमच्याकडे ऑडिटच्या वेळी कुणीतरी "लॉक" म्हणून काही पीडीएफवर ती टिक मारून ठेवली होती. त्यासाठी दोन लाइनी पुरतात, पहिली ती टिक काढते, दुसरी उडवते:

सेटअ‍ॅट्र फाइलपाथ, व्हीबीनॉर्मल
किल फाइलपाथ

नाहीतर फाइलसिस्टिमऑब्जेक्टच्या डिलीटफाइलला दुसऱ्या जागी ट्रू द्या, तो रीड-ओन्लीला जुमानत नाही. इथे एक गैरसमज फार पसरलाय, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीसमोर जो भरलेला चौकोन दिसतो तो बघून लोक तो काढत बसतात, अप्लाय करतात, परत उघडलं की परत चौकोन. त्याचा डिलीटशी काही संबंध नाही, तो आतल्या फाइलींसाठीचा पर्याय आहे, सोडून द्या त्याला.

फोल्डरवर ७५ आला तर आरएमडिर सांगतोय की फोल्डर रिकामा नाही. तुम्ही म्हणाल अहो रिकामा तर आहे, आत्ताच किल करून स्टार डॉट स्टार, म्हणजे सगळ्या फाइली, उडवलं, उघडून बघितलं तर काही नाही. दिसत नाही म्हणून नाही असं नसतं. थंब्स डॉट डीबी, डेस्कटॉप डॉट आयएनआय, आणि एक्सेल फाइल उघडल्यावर तिच्या शेजारी ~$ ने सुरू होणारी जी छोटी फाइल बनते ती, ह्या सगळ्या हिडन असतात, आणि किल हिडन फाइलींकडे बघतसुद्धा नाही. व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स दाखवा म्हणजे दिसतील. मॅक्रोमध्ये डिरला दुसऱ्या जागी व्हीबीहिडन प्लस व्हीबीसिस्टिम दिलं की त्याला दिसतात, मग सेटअ‍ॅट्रने नॉर्मल करून किल.

पण खरी गंमत पुढे आहे. फोल्डर खरोखर रिकामा, हिडनसुद्धा काही नाही, कुणी उघडलेला नाही, तरी जात नाही. इथे मी अक्षरशः दोन रविवार घालवले, त्यातला एक मेगाब्लॉकचा होता म्हणून घरीच होतो ते बरं. कारण असं निघालं की फोल्डर मॅक्रोनेच धरला होता. फोल्डरमध्ये काही आहे का बघायला मी आधी डिर वापरत होतो, आणि डिर एकदा बोलावला की तो त्या फोल्डरची यादी अर्धवट वाचून तिथेच बोट ठेवून बसतो, कारण तुम्ही पुढचं नाव मागाल अशी त्याला आशा असते. यादी संपेपर्यंत किंवा दुसऱ्या पाथचा डिर बोलावेपर्यंत तो बोट काढत नाही. म्हणून आरएमडिरच्या आधी उगाचच एक लाइन, डिर भलत्याच फोल्डरवर, समजा विंडोजच्या फोल्डरवर, टाकली की हा फोल्डर मोकळा होतो. बघायला विचित्र दिसतं म्हणून शेजारी कॉमेंट लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच ती लाइन फालतू म्हणून काढाल (मी काढली होती).

तसंच करंट फोल्डरचं. फाइल निवडायची खिडकी, म्हणजे गेटओपनफाइलनेम, उघडून त्या फोल्डरमधून काहीतरी निवडलं की एक्सेल स्वतः त्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. आपण बसलोय ती फांदी तोडायला विंडोज देत नाही. आधी सीएचडिरने दुसरीकडे जा, आणि ड्राइव्ह वेगळा असेल तर सीएचड्राइव्हसुद्धा लागतं, कारण सीएचडिर एकटा ड्राइव्ह बदलत नाही.

आता कुणी म्हणेल एवढी डोकेफोड कशाला, डिलीटफोल्डर वापरा, तो भरलेला रिकामा काही बघत नाही. बरोबर आहे, मीही शेवटी तोच वापरतो. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. पाथच्या शेवटी स्लॅश ठेवला तर तो ७६ देतो, फोल्डर समोर दिसत असताना पाथ नॉट फाउंड, याच्यात लोक वेडे होतात. आणि दुसरं, आत एक फाइल जरी कुणी धरलेली असेल तर तो तिथे थांबतो, पण तिथपर्यंत जे उडालं ते उडालं, मागे काही येत नाही. अर्धा फोल्डर शिल्लक आणि अर्धा स्वर्गात.

आणि स्वर्गात म्हणजे खरंच स्वर्गात. किल, आरएमडिर, डिलीटफाइल, डिलीटफोल्डर, यातलं काहीही रीसायकल बिनमधून जात नाही. कंट्रोल झेड नाही, काही नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं.

कारण आता सांगतो ते सगळ्यात वाईट. फाइल डिलीट न होणं ही तशी चांगली गोष्ट आहे हो, निदान फाइल आहे. गेल्या गणपतीच्या आधी आमच्याकडे उलटं झालं. बटण दाबलं, एकही एरर नाही, काका खूश. फोल्डर उघडला तर त्या महिन्याची ताजी ८४ बिलं गायब आणि आत एकच फाइल, "नोटीस" नावाची पीडीएफ. ती सेक्रेटरी काकूंनी कधीतरी मराठीत नाव देऊन तिथे टाकली होती, वर्गणीची जुनी नोटीस. म्हणजे जी जुनी म्हणून जायला हवी होती ती राहिली आणि जी राहायला हवी होती ती सगळी गेली. काका माझ्याकडे बघतायत, मी स्क्रीनकडे.

हे कसं झालं ते कळायला मला आठवडा लागला, ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर कोड वाचत होतो. त्यात तीन चुका एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या होत्या.

पहिली, वारंवार येणाऱ्या ७०ला कंटाळून मी वरती ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट टाकलं होतं. सगळेच टाकतात. त्याचा अर्थ आपण समजतो की एरर आला तर ती लाइन सोड आणि पुढे जा. पण एरर जर इफच्या ("असं असेल तर हे कर") अटीतच आला तर "पुढची लाइन" कुठली? इफच्या आतली! म्हणजे अट तपासताच आली नाही तर ती खरी असल्यासारखं आतलं काम होतं. माझी अट होती, गेटफाइलने फाइलची तारीख घे, ६० दिवसांपेक्षा जुनी असेल तर, खालच्या वेगळ्या लाइनीत, किल. तारीख वाचताना एरर आला की सरळ किल.

दुसरी, तारीख वाचताना एरर का आला. डिर आणि किल ह्या जुन्या कमांड आहेत, त्यांना युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची आजची पद्धत, कळत नाही. विंडोजमध्ये देवनागरीला ते जुनं कोडपेज (जुन्या कमांडींचा अक्षरांचा तक्ता) नाहीच, त्यामुळे डिर मराठी नाव वाचतो तेव्हा प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह देतो. "नोटीस" मोजा, न, ओकार, ट, दीर्घ ई, स, असे पाच कोड. डिरने माझ्या हातात दिलं "?????.पीडीएफ". त्या नावाची फाइल नाहीच, गेटफाइलने एरर दिला, रिझ्यूम नेक्स्टने तो गिळला आणि आम्ही इफच्या आत.

तिसरी, आतमध्ये किल, आणि किलला प्रश्नचिन्ह म्हणजे वाइल्डकार्ड, कुठलंही एक अक्षर. पाच प्रश्नचिन्हं डॉट पीडीएफ. आता ए-१०१ मोजा. ए, डॅश, एक, शून्य, एक. पाच. बी-३०४, पाच. सी-७०२, पाच. आमची बिल्डिंग ७ मजल्यांचीच असल्यामुळे एकही फ्लॅट वाचला नाही.

बिलं एक्सेलच्या डेटावरून पुन्हा निघाली, तासाभराचं काम, पण त्यातल्या काहींवर काकांनी हाताने शेरे टाकून पुन्हा स्कॅन करून त्याच नावाने ठेवल्या होत्या, त्या गेल्या त्या गेल्या. काका तीन दिवस बोलले नाहीत.

तर मराठी नावाच्या फाइली जिथे येऊ शकतात तिथे डिर आणि किल वापरूच नका, एवढं ऐका. आपल्याकडे तर कुणीही कधीही "पावती", "नोटीस", "हिशोब" नावाची फाइल आणून टाकू शकतं. फाइलसिस्टिमऑब्जेक्टला युनिकोड कळतं. गेटफोल्डर घ्या, त्याच्या फाइल्समधून फॉर इचने फिरा, आणि ज्या उडवायच्या त्यांना नावाने नाही तर त्या फाइल ऑब्जेक्टलाच डिलीट ट्रू सांगा, म्हणजे वाइल्डकार्डचा प्रश्नच येत नाही. फिरता फिरता लगेच डिलीट करण्यापेक्षा आधी एका कलेक्शनमध्ये गोळा करा आणि मग दुसऱ्या लूपमध्ये उडवा. आणि कोडच्या खिडकीत मराठी नाव टाइप करू नका, तिथेही प्रश्नचिन्हंच दिसतील, नाव शीटच्या सेलमध्ये लिहा आणि तिथून वाचा. विंडोजच्या रीजनच्या सेटिंगमध्ये युटीएफ-८ची एक बीटा टिक आहे, ती लावली की हे सुटतं असं कुणी सांगेल, पण त्याने जुनी सॉफ्टवेअरं बिघडू शकतात, सोसायटीच्या कॉम्प्युटरवर मी ती जोखीम घेतली नाही.

वाइल्डकार्डवरून आठवलं, अजून एक. किलला *.एक्सएलएस दिलं तर फक्त जुन्या एक्सएलएस फाइली जातील असं वाटतं ना? एक्सएलएसएक्स आणि एक्सएलएसएमसुद्धा जाऊ शकतात. विंडोज लांब नावाच्या फाइलीला आतून एक छोटं नावही देतं, आठ अक्षरं आणि तीन अक्षरी एक्स्टेन्शन, डॉसच्या काळातलं, त्यात एक्सएलएसएक्सचं एक्सएलएस होतं, आणि वाइल्डकार्ड त्या छोट्या नावालाही जुळतो. प्रत्येक ड्राइव्हवर हे चालू असतंच असं नाही, म्हणून तुमच्या घरच्या मशीनवर बरोबर चालतं आणि ऑफिसच्या मशीनवर मॅक्रोची स्वतःची एक्सएलएसएम फाइल मरायची राहते ती केवळ उघडी आहे म्हणून. एक्स्टेन्शन नेहमी गेटएक्स्टेन्शननेमने काढून पूर्ण बरोबर आहे का ते तपासा.

आणि रिकामा सेल. पाथ बी२ मध्ये लिहिलेला असतो, त्याला पुढे \*.* जोडून किल. कुणीतरी बी२ पुसला तर उरतं फक्त \*.*, म्हणजे चालू ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या फाइली. डिलीटफोल्डरला असंच \* गेलं तर मुळाशी असलेले फोल्डर. आमच्याकडे हे झालं नाही, पण एकदा ऑफिसात एका मुलाने बी२ मध्ये नुसती स्पेस दाबून ठेवलेली मी पकडली तेव्हापासून मी कधीच सेलवर विश्वास ठेवत नाही. डिलीट करायच्या आधी ट्रिम करून (आजूबाजूच्या स्पेस काढून) पाथ रिकामा नाही, आणि तो डी:\सोसायटी\बिल नेच सुरू होतो, हे तपासतो, नाही तर एक्झिट सब, म्हणजे मॅक्रो तिथेच बंद. फाइल आहे का हेही डिरने तपासू नका, पाथच्या शेवटी नाव रिकामं राहिलं तर डिर त्या फोल्डरमधली पहिली फाइल देतो आणि तुम्हाला वाटतं हां आहे आहे. फाइलएक्झिस्ट्स वापरा.

आता माझं बटण काय करतं ते सांगतो. आधी फक्त यादी करतं, एका वेगळ्या शीटवर, कुठली फाइल, किती तारखेची, उडणार की राहणार. काका ती यादी चष्मा लावून वाचतात. मग दुसरं बटण. तेसुद्धा लगेच मारत नाही, नेम कमांडने फाइल "कचरा" नावाच्या फोल्डरमध्ये महिन्याच्या नावाच्या आत हलवतं (फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलंय आणि फाइलींना विंग-फ्लॅटच्या नावापलीकडे हात लावत नाही, मराठी नाव दिसलं तर सोडून देऊन यादीत लाल करतं). तिकडे त्याच नावाची फाइल आधीच असेल तर नेम ५८ देतो, म्हणून महिन्याचा फोल्डर वेगळा. दोन महिने जुना कचरा डिलीटफोल्डरने जातो. रिझ्यूम नेक्स्ट अजून आहे, पण फक्त त्या एका डिलीटच्या लाइनीपुरता, लगेच खाली एरर डॉट नंबर शीटवर लिहायचा आणि ऑन एरर गोटू झिरो. त्यामुळे आता ७० आला तर कुठल्या फाइलवर आला ते शीटवरच दिसतं.

परवाच्या १ तारखेला एक ७० आला होता, बी-२०३. रिसोर्स मॉनिटरमध्ये बघितलं तर प्रीव्ह्यूचा प्रोग्राम. मी काकांकडे बघितलं, ते म्हणाले अरे त्याने अजून पैसे भरले नाहीत म्हणून जरा बघत होतो.